गवताचा मांडव

आमच्या भागात गवत लावणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेनं पाहतात, ती नजर मी दोन वर्षं सोसली आहे. हा धानाचा मुलूख. इथं धान रोवतात आणि गवत निंदतात. बाया कंबर मोडेस्तोवर धानाच्या बांधीत वाकून जे उपटतात आणि धुऱ्यावर, शेताच्या कडेला, फेकून देतात, तेच मी नागपूरच्या नर्सरीतून ओल्या गोणपाटात गुंडाळून, टेम्पोत मांडीवर घेऊन ब्रह्मपुरीला आणलं आणि घरापुढच्या बारा बाय अठरा फुटांत लावलं. तेव्हा समोरच्या कलाबाईंनी त्यांच्या फाटकातून विचारलं होतं, "बाबूजी, हे ढोरासाठी होय का?"

मी म्हणालो, "नाही, पाहण्यासाठी."

त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि त्या आत गेल्या.

बाबूजी म्हणजे मी, दोनाडकर. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकून होतो. धरण, कालवा, पाट, पाळी या सगळ्यांशी माझा जवळचा संबंध आला, पण तो कागदावर. प्रत्यक्ष पाणी मी इतर लोकांइतकंच पाहिलं. शेतकरी खिडकीशी यायचे, अर्ज द्यायचे, आणि मी तो चष्म्याखालून वाचून परत करायचो. "कारणाचा रकाना नीट भरा," हे वाक्य मी चौतीस वर्षांत किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. निवृत्तीनंतर हिरवळीवर वेताची खुर्ची टाकून पेपर वाचायचा, ही माझी एक जुनी हौस होती. गवत लावलं ते त्या हौसेपायी. त्यात दुसरं काही उदात्त नव्हतं.

उदात्त झालं ते नंतर. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत माझ्या बायकोला, शेवंताला, अर्धांगवायूचा झटका आला. नागपूरला एकवीस दिवस काढून घरी आलो. बोलणं वाचलं, हात वाचला, डावा पाय मात्र तिचं ऐकेना. त्यात घरी आल्याच्या चौथ्या दिवशी ती फरशीवर घसरली. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून फरशी म्हटली की ती माझा खांदा धरायची आणि पाऊल जागचं हलायचं नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी सुचवलं, मऊ जागेवर अनवाणी चालवून पाहा. मी तिला गवतावर उभी केली. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "माह्या डाव्या पायाले गवत समजते जी. फरशी नाई समजत."

त्या दिवशी ती दोन पावलं चालली. दिवाळीनंतर एक फेरी, संक्रांतीला पाच, होळीला माझा खांदा सुटला. मार्चअखेर रोज सकाळी एकवीस फेऱ्या, एकटी. मी कडेला वेताच्या खुर्चीत पेपर धरून बसायचो. सहा महिन्यांत त्या पेपरातली एकही बातमी मी वाचली नाही.

आणि मग एप्रिल लागला.

आमच्या ब्रह्मपुरीचं नाव टीव्हीवर देशातल्या पहिल्या पाच तापलेल्या गावांत आलं, की गल्लीत थोडासा अभिमान पसरतो. एरवी आमचं नाव घेतं कोण? पण त्या अभिमानाला पाणी लागतं. आमची बोअर मार्चमध्येच खाकरायला लागते आणि एप्रिलात मौन धरते. नळ तीन दिवसांआड येतो, तोही चाळीस मिनिटं. त्यातच भोंगा लावलेला ऑटो गल्लीतून फिरून गेला: पिण्याचं पाणी बागेला, अंगणाला, गाड्यांना वापरू नये, वापरल्यास कारवाई होईल. गवत कडेनं पिवळं पडू लागलं होतं. शेवंताच्या फेऱ्या अठरावर आल्या. वाळलेल्या कडेवर पाय पडला की ती झटकन मागे घ्यायची, आणि मागे घेताना तोल जायचा. पावसाला दोन महिने होते. गवत गेलं असतं तर चालणं गेलं असतं. हे आम्ही दोघंही जाणून होतो आणि दोघंही बोलत नव्हतो.

माझी पहिली उपाययोजना सरळ होती. मी आंघोळ लॉनवर करू लागलो. रोज वेगळ्या कोपऱ्यात, साबण न लावता, पहाटे साडेपाचला, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी शेजारचे लोकेश सर त्यांच्या गच्चीवर उभे दिसले. हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. माझ्या डोक्यावर तांब्या, तांब्याखाली मी, आणि वरून शास्त्र आलं: "काका, गवत मरत नाई. झोपते. पिवळं होऊ द्या. पाऊस आला का उठते."

शास्त्र बरोबर होतं. पण झोपलेलं गवत टोचतं, हे त्या शास्त्राला कोण सांगणार? आणि चड्डीवर उभं राहून मतभेद मांडता येत नाही. मी "बरं सर" म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा न्हाणीघरात गेलो.

दुसरी उपाययोजना सरकारी होती. नगर परिषदेत टँकर मिळतो, असं कळलं. मी स्वच्छ शर्ट घालून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो. बाहेरून खिडकी फारच उंच वाटते, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आतल्या तरुण बाबूनं फॉर्म दिला. त्यात कारणाचा रकाना होता: लग्नकार्य, तेरवी, बांधकाम, इतर. मी 'इतर' वर खूण केली आणि पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गवत'.

बाबूनं चष्म्याखालून वाचलं. "इतर मंदी मंजुरी नाई येत, काका."

"मग तो रकाना ठेवला कशाला?"

"तो पहिलेपासून हाये." तो जरा पुढे वाकला. "लगन लिहून टाका ना. उन्हाळ्यात कोन पाहाले येते?"

मला राग आला. चौतीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांची चुकीची कारणं पकडली, त्यानं खोटं कारण लिहावं? मी फॉर्म परत केला आणि ताठ मानेनं बाहेर आलो. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. मान फाटकापर्यंत ताठ राहिली. खरं सांगायचं तर 'बायकोचा पाय' असं मी लिहू शकलो असतो. पण तिच्या पायाचा अर्ज करून खिडकीशी उभं राहायला माझं मन घेईना.

मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या बाजूचे शेजारी जहीरभाई कूलर बनवतात आणि दुरुस्त करतात. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ गरम हवेत आहे. ते लॉनच्या कडेला उकिडवे बसले, गवताला हाताची उलटी बाजू लावून पाहिली आणि म्हणाले, "दोनाडकर साब, गर्मी लागून राह्यली याले. कूलर लावा."

"गवताला?"

"मंग? जीव हाये ना त्याच्यात."

दुपारी आमचा कूलर व्हरांड्यात आला, तोंड बाहेर करून. आम्ही नवरा-बायको आत ओल्या दुपट्ट्यावर दिवस काढू लागलो आणि बाहेर गवत कूलर खाऊ लागलं. एक सायकलवाला गृहस्थ फाटकाशी थांबला, आत पाहिलं, आणि काळजीनं विचारता झाला, "मानसं आतमंदी कोंडून गेले का जी?" दोन तासांत कूलरनं अख्खी टाकी पिऊन टाकली आणि गवताला फक्त वारा मिळाला. त्या पाण्यात पाव लॉन भिजलं असतं. हे मी जहीरभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "कूलरची ताटी जुनी हाये तुमची, बदलून देतो." आणि खरंच फुकट बदलून दिली.

कलाबाईंचा सल्ला मात्र जमिनीतला होता. कलाबाई निवृत्त अंगणवाडी सेविका. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली आहेत, त्यामुळे त्यांचा सल्ला मोडायची सोय नाही. "तनस टाका वरून," त्या म्हणाल्या. "ओल राह्यते." आणि गावाकडून आलेल्या तणसाचे दोन भारे त्यांनी पाठवून दिले. मी सारं लॉन धानाच्या पेंढ्यानं हलक्या हातानं झाकलं, वर बादलीभर भांड्यांचं पाणी शिंपडलं. सुंदर सोनेरी दिसत होतं. मी समाधानानं झोपलो.

तणस गाईला दिसत नाही, असं माझं मत होतं की काय, देव जाणे. सकाळी उठून पाहतो तर पाच गाई आणि गल्लीचा सांड. फाटकाची कडी शिंगानं काढायची विद्या त्याला येते. तणस त्यांनी जुन्या हक्कानं संपवलं होतं आणि तणसाखाली काय निघतं, हे शोधत शोधत एक कोपरा न्हाव्याच्या मशीननं फिरवल्यासारखा केला होता. गाई हाकलल्यावर गेल्या. सांड बसला. मी त्याला "हाड", "हुर्र", "चल रे बाबा" आणि शेवटी "अहो" असंही म्हणून पाहिलं. जहीरभाईंनी कूलरचा पत्रा आणून बडवला, तेव्हा तो उठला आणि चारी खूर गवतात नीट रोवत गेला.

हे सगळं शेवंता खिडकीतून पाहत होती. आणि ती हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसत होती. झटक्यानंतर मी तिचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्या सांडाबद्दल माझ्या मनात आज राग नाही. उलट कधी दिसला तर मी त्याला भाकर देतो.

पण गवत अर्धं उरलं होतं आणि फेऱ्या अकरावर आल्या होत्या. तेव्हा मला मंगरूची आठवण आली.

मंगरू मडावी आमच्या खात्यात कालव्यावरचा चौकीदार होता. मी ज्या पाण्याच्या फायली ठेवल्या, ते पाणी त्यानं रात्रंदिवस राखलं. आता जंगलाकडेच्या आपल्या गावी शेती करतो. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी बसनं आला. गवतावर आडवा झाला, कान लावल्यासारखं काहीतरी केलं, मूठभर माती हुंगली आणि उठून म्हणाला, "बाबूजी, याले पानी कमी पुरते. याले सावली पायजे. मांडव टाकू."

"कसला मांडव?"

"जांभळीच्या फांद्याचा. माह्या धुऱ्यावर हाये झाड. छाटाचंच हाये त्याले."

दोन दिवसांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हिरव्यागार फांद्या आणि बांबू घेऊन आला. दुपारपर्यंत बारा बाय अठरा फुटांवर मांडव उभा राहिला. हातासरशी सवयीनं त्यानं पुढच्या दोन खांबांना आंब्याची पानंही बांधली. आत शिरलं की डोळ्यांना गार वाटायचं. गवताकडे पाहून मला वाटलं, त्यानं सुस्कारा सोडला. शेवंता खुर्चीत बसून पाहत होती. "लोक काय म्हनतीन जी?" तिनं विचारलं.

"गवताला सावली केली, म्हणतील," मी म्हणालो.

इतकी अक्कल मला असायला हवी होती. आमच्याकडे उन्हाळ्यात घरापुढे हिरव्या फांद्यांचा मांडव पडला, तर त्याचा अर्थ एकच. घरात लग्न आहे. आणि आमची दीपिका सत्तावीस वर्षांची, नागपूरला नोकरीला, लग्नाची.

चहा पिता पिता मंगरूनं सहज सांगितलं, "फारेस्टच्या नाक्यावर अडवलं होतं जी. फांद्या कायच्या म्हने. गवतासाठी म्हनलं असतं तं मले पागल समजून बसवून ठेवलं असतं. त्यानंच पुसलं, मांडवाच्या का? म्हनलं हो. दोनाडकर बाबूच्या पोरीचं का? मी मान हालवली."

"मंगरू, तू खोटं बोललास?"

"बोललो कुठी? मान हालवली."

नाक्यावरच्या त्या गार्डची सासू आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. बाकी सांगायला नको.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे. नळ तीन दिवसांआड झाला तेव्हापासूनची ही रीत. ज्या घरी मांडव पडेल, त्या घरी पाण्याची चणचण व्हायची नाही. प्रत्येक घरानं रोज सकाळी एक गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, भरून त्या घराच्या फाटकाशी ठेवायचा आणि संध्याकाळी रिकामा घेऊन जायचा. बोलावणं नाही, सांगणं नाही. मी स्वतः किती लग्नांत गुंड वाहिले आहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं आणि ओट्याजवळ ओळीनं पितळेचे, स्टीलचे, एक प्लास्टिकचा, असे दहा गुंड काठोकाठ भरलेले पाहिले, तेव्हा क्षणभर मला उमजेना. मग उमजलं. आणि मग माझ्यातल्या चौतीस वर्षांच्या सचोटीची परीक्षा सुरू झाली.

मी काय करायला हवं होतं, ते उघड आहे. दहा घरांची कडी वाजवायची, सांगायचं, लग्न नाही, पाणी परत घ्या. मी गुंडांकडे पाहिलं. मागे वळून गवताकडे पाहिलं. आत शेवंता उठून केस विंचरत होती, म्हणजे आता फेऱ्यांना येणार. मी गुंड उचलले आणि एकेक करून गवतावर ओतले. मी खोटं बोललो नाही. बोललोच नाही.

शेवंतानं विचारलं, "एवढं पानी कोनं देल्लं?"

"शेजाऱ्यांनी," मी म्हणालो. हे तर शंभर टक्के खरं होतं. आजारापासून ती फाटकापर्यंत जात नसल्यानं बायांशी तिची गाठ पडत नव्हती आणि माझं खरं टिकून राहिलं.

आठवड्यात गवतानं रंग धरला. फेऱ्या अकराच्या पंधरा झाल्या, पंधराच्या अठरा. आणि माझी झोप गेली. बाजारात कोणी "बाबूजी, तारीख कोनती?" म्हणालं की मी आकाशाकडे पाहायचो. जहीरभाईंचा दुसऱ्या गल्लीत राहणारा भाऊ वाजिद बँडपार्टीत आहे, तो येऊन "आपलं घरचं काम हाये, हो ना?" असं विचारून गेला. आणि एका सकाळी चक्क नगर परिषदेचा टँकर फाटकाशी उभा राहिला. जहीरभाईंनी परस्पर अर्ज केला होता. कारणाच्या रकान्यात 'लग्नकार्य', खाली अर्जदार म्हणून माझं नाव. "तुमी शरमता साब मांगाले," ते म्हणाले, "मंग म्या केलं." पाइप आत आला, टाकी भरली, आणि माझ्या नावावर ते घडलं ज्याबद्दल मी लोकांचे अर्ज परत केले होते.

त्याच दुपारी दीपिकाचा फोन आला. "बाबा, शाळेतली खुशबू अभिनंदन करत होती. माझं लग्न आहे म्हणे. मी किती दिवसांची सुट्टी टाकू?"

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली. मग तिनं विचारलं, "आईला सांगितलं?"

"सांगतो."

"आजच सांगा, बाबा."

मी सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर शेवंतानं त्या पाण्यातला एक थेंबही गवताला लागू दिला नसता. ती माझ्यापेक्षा सरळ बाई आहे.

त्याऐवजी मी मर्दपणाचं काम म्हणून नगर परिषदेत गेलो आणि पुढचा टँकर रद्द करायला सांगितलं. त्याच तरुण बाबूनं रजिस्टर उघडलं. तिथंही रकाना होता: रद्द करण्याचे कारण. "मोडलं का जी?" त्यानं आवाज खाली करून विचारलं.

"मोडलं नाही. मुळात ठरलंच नव्हतं."

त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी इतकी कणव आली की मला पुढे बोलवेना. "समजलो, काका," तो म्हणाला, आणि त्यानं लिहिलं: लग्न मोडल्याने. तो मला जिन्यापर्यंत पोचवायला आला.

ब्रह्मपुरीत ही बातमी माझ्याआधी घरी पोचली नाही, एवढंच नशीब. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली.

शेवंता मांडवाखाली चालत होती. तेरावी फेरी चालू होती. मी खुर्चीत, पेपर उलटा. फाटकापासून लॉनपर्यंत आमच्याकडे फरशीची वाट आहे, चौदा पावलांची. फाटकाशी गलका झाला. पाहतो तर कलाबाई पुढे आणि मागे गल्लीतल्या नऊ बाया. मी पेपर तोंडावर धरला. धैर्याची माझी व्याख्या त्या क्षणी एवढीच होती.

कलाबाईंनी बाहेरूनच हाक दिली, "शेवंताबाई, दीपाचं लगन मोडलं म्हनते! काय आयकून राह्यलो आमी?"

शेवंता गवताच्या कडेला थांबली. "कोनाचं लगन?"

"दीपाचं! साऱ्या गावात झालं!"

आणि शेवंता निघाली. माझ्याकडे पाहिलं नाही, खांदा मागितला नाही. पोरीचं नाव ऐकलं आणि गवतावरून सरळ फरशीवर उतरली. मी उठलो, पण पाय माझेच हलेनात. एक, दोन, तीन. डावा पाय जरा ओढत होता. सात, आठ. बायांचा गलका थांबला होता. अकरा. कलाबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. चौदा. शेवंतानं फाटकाची कडी धरली, कडी काढली आणि म्हणाली, "माह्या पोरीचं लगन ठरलं कवा, का मोडलं?"

सगळ्या तिच्या पायांकडे पाहत होत्या.

"आवो, सांगा ना बाई!"

मग मला जावंच लागलं. बायकोसमोर आणि नऊ अधिक एक बायांसमोर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मंगरूची मान, दहा गुंड, टँकर, रजिस्टर. म्हणालो, मी तुमचं पाणी फसवून घेतलं. लग्नाचं पाणी गवताला घातलं. मला क्षमा करा.

कलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या अंगणवाडीत खिचडी सांडणाऱ्या पोराकडे पाहत असतील.

"फसवलं? बाबूजी, लगनघरचं पानी रांजनात भरते. तुमच्या इथी तं पहिल्याच दिवशी गवतात गेलं. माह्या खिडकीतून दिसत नाई का? दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीले मालूम होतं का लगन-बिगन काई नाई."

"मग तरी तुम्ही रोज..."

"तं मंग? रोज सकारी आमी माह्या खिडकीतून मोजतो ना, शेवंताबाईच्या फेऱ्या किती झाल्या त्या. काल अठरा झाल्या." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि मागच्या दोघीतिघींनी माना हलवल्या. "तुमाले मांगाची शरम होती, म्हनून आमी पुसलं नाई. पन कालपासून पोरीचं नाव निंगालं गावात. गवतापायी पोरीचं नाव काऊन खराब कराचं? ते सांगाले आलो होतो."

शेवंता बोलली. "या आत सगळ्या. मांडव हाये तं बसा मांडवात."

ती वळली. समोर पुन्हा चौदा फरश्या. आता तिला त्या दिसल्या आणि ती क्षणभर थबकली. मी पुढे होऊन खांदा दिला. तिनं खांद्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि तोंडाकडे जरा रागानंच.

"राहू द्या," ती म्हणाली. "फरशी समजली आता."

पोहे मी केले. मीठ कमी पडलं, हे दहाजणींनी वेगवेगळं सांगितलं. जहीरभाई आवाज ऐकून आले आणि म्हणाले की तेही जाणून होते. पण अर्जात गवत चालत नाही म्हणून लग्न लिहिलं, त्यात काय झालं? दहा बाया गवतावर बसल्या, पोह्याच्या बशा गवतावर ठेवल्या, आणि जे गाईंनी ठेवलं होतं त्यातलं बरंच त्या सकाळी चुरगळून गेलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी या गावात आयुष्य काढलं, शेजारी राहिलो, आणि मला वाटत होतं की लग्नकार्य लिहिल्याशिवाय कोणी कोणाला पाणी देत नाही. ही माणसं रोज पहाटे आपल्या चाळीस मिनिटांच्या नळातला एक गुंड माझ्या फाटकाशी ठेवून गेली, आणि माझी लाज झाकून गेली. त्यांचे उपकार मानायला मला शब्द येत नाहीत. अर्ज मात्र मी चांगला लिहितो, म्हणून दुसऱ्याच दिवशी नगर परिषदेत जाऊन लेखी दिलं, की सदर लग्न मोडलेले नसून ते नव्हतेच. तो जावक-आवक होऊन फाइलला लागला आहे. दीपिकाला त्याची एक प्रत पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं तर दहा गुंड तसेच ओळीनं, काठोकाठ. मी कलाबाईंना हाक मारली. म्हणालो, "बाई, आता तर सगळं उघड झालं. लग्न नाही."

त्या अंगण झाडत होत्या. झाडणं न थांबवता म्हणाल्या, "मांडव उतरला का?"

"नाही."

"तं मंग."

मांडव मी जूनच्या अठरा तारखेपर्यंत उतरवला नाही. तोवर जांभळीची पानं वाळून झडून गेली होती, नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि सावली औषधालाही नव्हती. शेवंता फाटकापर्यंत जायची आणि स्वतः कडी काढायची. गुंड येत राहिले. खिडकीच्या अलीकडे-पलीकडे मिळून इतकी वर्षं गेली, पण पाण्यासाठी मला कोणी कारण विचारलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.